सील समजा

“तीनवर आहे ना?” मी टीव्हीच्या मागून ओरडलो.

“तीनवरच शे!” पुढून नानांचा आवाज आला.

“मग दिसतंय काय?”

“मुंग्या.”

धरणगावची ही माझी त्या आठवड्यातली दुसरी खेप होती. जळगावात माझं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान. नव्वदीची सुरुवात होती, फोन मोजक्यांकडेच. म्हणून पहिल्या वेळी नानांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी धाडली : ‘टीव्ही बिघडला. त्वरित येणे.’ नाना माझं जुनं गिऱ्हाईक, पोस्टातून रिटायर झालेले, त्यांची चिठ्ठीसुद्धा तारेसारखी. मी हातातलं काम टाकून आलो, तर टीव्ही ठणठणीत. त्यावर शेतीचा कार्यक्रम चालू.

अडलं होतं दुसरंच. नानांची दहा वर्षांची नात वैशाली सायकलवरून पडली होती. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे खाटेवर. दिवसभर छताकडे बघून पोर रडकुंडीला आलेली. तिच्या मामाने सुरतेहून व्हिडिओ गेम आणून दिला आणि तो परत गेला. गेम काही टीव्हीवर उमटेना.

पहिल्या खेपेला भानगड वायरची होती. जुन्या टीव्हीला अँटेनाची चपटी वायर लागायची, दोन स्क्रूंखाली दोन तारा. गेमची वायर गोल. दोघांचं जमवायला मध्ये बोटभर तुकडा घालतात, त्याला आम्ही ‘बलून’ म्हणतो. तो नेमका बॅगेत नव्हता. “बलून आणावा लागेल,” म्हटलं तर वैशालीची आई म्हणाली, “फुगे तर इथं कोपऱ्यावर मिळतात, भाऊ.” मी काही बोललो नाही. परतीच्या एसटीत मात्र स्वतःशीच बरंच बोललो.

आता बलून लावला होता, तरी मुंग्याच. वास्तविक यात अवघड काही नाही. गेम म्हणजे घरातलं छोटंसं दूरदर्शन केंद्र. ते आपलं चित्र तीन नंबरच्या चॅनलवर सोडतं. टीव्ही तीनवर ठेवला की चित्र आलंच पाहिजे. आणि तीनवर आहे, असं नाना छातीठोकपणे सांगत होते.

तासभर मी वायरी सोडल्या, जोडल्या, पुन्हा सोडल्या. पाठ दुखायला लागली.

“गेममाच खोट शे,” नाना म्हणाले. “टीव्ही सहा वर्षांत एकदाबी बिघडला नही.”

माझं डोकं फिरलं. “नाना, तीनवर म्हणजे नक्की काय तीनवर?”

“हाई बटन.” त्यांनी गेमच्या मागचं बारीक बटण दाखवलं. मामा ते तीनवर करून गेला होता.

“अहो, टीव्हीचं चॅनल विचारतोय मी!”

“ते? ते कसं हलवणार?”

टीव्हीवर विणलेला रुमाल घातला होता, त्याची झालर पार खालपर्यंत आलेली. मी पुढे येऊन ती उचलली. चॅनलचं गोल बटण लाल लाखेने गच्च बुजवलेलं होतं. लाखेवर चार आण्याच्या नाण्याचा ठसा.

“हे काय आहे?”

“सील.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“तूच सांगेल व्हतं!”

मी तिथेच बसलो. सहा वर्षांपूर्वी हा टीव्ही मीच बसवला होता. वरून वारा, गच्चीवर मी अँटेना फिरवतोय आणि खाली कोणीतरी सारखं बटण पिरगाळतंय. संध्याकाळी कसंबसं चित्र स्थिर झालं तेव्हा मी वैतागून म्हणालो होतो, “आता याला कोणी हात लावायचा नाही. सील समजा!” आणि बस पकडली होती. ज्या माणसाने तीस वर्षं टपालाच्या थैल्यांना लाख लावली, त्याला मी हे सांगितलं होतं.

मी स्क्रूड्रायव्हर उचलला. नानांनी आडवा हात घातला.

“बातम्या गयात तं?”

“परत येतील.”

“त्या वक्ताला तू दिवसभर शोधत व्हता.”

हे खोटं नव्हतं. बातम्या हा नानांचा एकुलता एक शौक. मला त्यांचा राग आला होता, स्वतःचा त्याहून जास्त. मी बॅग आवरायला घेतली.

तेवढ्यात वैशाली खाटेवरून म्हणाली, “नाना, माझ्या पायालाबी डॉक्टरांनी सीलच लावलंय. हलवायचा नही म्हणे. पण सहा आठवड्यांनी फोडणार ना ते?”

नानांनी प्लास्टरकडे बघितलं, मग लाखेकडे.

“तूच सांगेल व्हतं,” ते मला म्हणाले. “तूच फोड.”

लाख फुटली. खट, खट, खट. तीनवर एक इवलासा माणूस उड्या मारत होता. वैशाली एवढ्या जोरात ओरडली की तिची आई पोळपाट सोडून बाहेर आली.

“आता बातम्या लाव,” नाना म्हणाले. त्यांचं गेमकडे लक्षच नव्हतं.

अँटेनाची वायर जोडून बटण परत फिरवलं. मुंग्या! नानांचा चेहरा बघवेना. सहा वर्षं न हलल्यामुळे आतल्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. टीव्ही उघडून त्या स्पिरिटने घासल्या, तेव्हा कुठे बातम्या देणाऱ्या बाई दिसल्या. वैशालीच्या आईचं नेलपॉलिश घेऊन मी बटणाशेजारी दोन ठिपके दिले, एक नानांचा, एक वैशालीचा.

एसटीत बसल्यावर लक्षात आलं, वैशालीच्या डॉक्टरांनी निदान सहा आठवडे तरी म्हटलं होतं. मी मुदत काहीच सांगितली नव्हती. तेव्हापासून गिऱ्हाइकाला ‘हात लावू नका’ म्हणालो की कधीपर्यंत, तेही चिठ्ठीवर लिहून देतो.