दोन वाजताचा चार्ज

स्पिरिटचा वास आला की मला स्मृति नगरच्या घरातली ती दुपार आठवते. आत्यानं जन्मभर नर्सची नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि शेवटच्या आजारात ती आमच्या पुढच्या खोलीत होती. तीन दिवस तिच्या तोंडून शब्द नव्हता. कूलर घरघरत होता, बाहेरून स्टील प्लांटच्या दोनच्या शिफ्टला निघालेल्या स्कूटर जात होत्या, आणि मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून स्पिरिटच्या बोळ्यानं तिचे पाय पुसत होते. अचानक ती ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाली, "सरक ना बाजूले, सिस्टर कवाची उभी आहे." घरात आम्ही दोघीच होतो. तरी मी सरकले. मग त्या रिकाम्या जागेकडे पाहत, शिफ्ट बदलताना नर्सेस देतात तसा, तिनं एका पेशंटचा चार्ज दिला. "बाई, वय अडुसष्ट. पाणी चमच्यानंच." मधेच थांबून ती कोणाचं तरी ऐकायची, मान हलवायची. अडुसष्ट हे वय तिचंच होतं. "भाची आहे संगं, घाबरून राहिली. तिले आधी चहा पिऊ द्या." एवढं बोलून तिनं डोळे मिटले. तिचा शब्द मोडायची मला सवयच नव्हती; मी आत जाऊन चहा केला आणि उभ्यानंच प्यायले. परत आले तर आत्या गेली होती, आणि मी सैल सोडलेल्या चादरीचे कोपरे गादीखाली घट्ट, अगदी दवाखान्यातल्यासारखे खोवलेले होते. आजही कोणाच्या आजारपणात बसले, की पलंगाच्या पायथ्याची जागा मी मोकळी ठेवते.