ताईचं माहेरपण

मुलुंडहून बोरिवलीला जाणं म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. धडधाकट माणूस सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परततो. मला मात्र तयारीलाच चार दिवस लागले. केस आदल्या दिवशी धुतले, कारण केस धुणं आणि प्रवास ही दोन कामं एका दिवसात मला झेपत नाहीत. फायब्रोमायल्जिया हे नाव डॉक्टरांनी मला गेल्या वर्षी सांगितलं. अंगभर ठणका, आणि झोपून उठलं तरी न जाणारा थकवा. तपासण्या चांगल्या येतात, चेहराही टवटवीत दिसतो, त्यामुळे लोकांना वाटतं बाई नाटकं करतेय. दुसऱ्याबद्दल असं वाटणाऱ्यांत एके काळी मीही होते. त्याचीच माफी मागायला मी ताईकडे निघाले होते, दोन रात्री राहायच्या बेताने.

"एवढी मोठी बॅग कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"उशी आहे त्यात."

"बोरिवलीत उशा मिळतात गं."

"बसमध्ये मिळत नाहीत ना!"

मरोळपर्यंत बस आणि पुढे मेट्रो, असं ठरवलं होतं. पाठीमागे उशी खोचून खिडकीशी बसले. हायवेला डावीकडे खाडीची तिवरं दिसत होती. विक्रोळीला बस वळली आणि मी नजर आत वळवली. तिथल्याच एका चाळीत आम्ही वाढलो. लग्नानंतर ताई दर मे महिन्यात माहेरपणाला यायची आणि आल्या आल्या भिंतीशी चटई टाकून आडवी व्हायची. आई काही बोलायची नाही. मी नुकतीच मरोळच्या एका कंपनीत लागले होते, आणि पहिल्या नोकरीचा ताठा काही विचारू नका. एकदा गावाहून काका-काकू आले होते, शेजारच्या बायका बसल्या होत्या. मी कामावरून आले तर ताई झोपलेली. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "माहेरी काय लोळायला येतेस गं? दमतो आम्हीपण, असे पसरत नाही."

ताई उठली. चटई गुंडाळली, केर काढला, सगळ्यांना चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी बोरिवलीला निघून गेली. नंतर ती यायची, पण सकाळी येऊन संध्याकाळी परत. आई जाईपर्यंत ती एकदाही राहिली नाही.

मरोळला उतरले तेव्हा पाय शिशाचे झाले होते. पूर्वी याच रस्त्याने मी रोज तरातरा चालत जायचे. समोरच्या उडपी हॉटेलात शिरले, इडली खाल्ली आणि तशीच बसून राहिले.

"मॅडम, अजून काय?" वेटरने विचारलं.

"काही नको. थोडा वेळ बसू का?"

"बसा ना. फक्त एक डोसा मागवा, मग शेठ काय बोलणार नाय."

डोसा मागवला. पाऊण तास बसले.

थकवा वाढला की माझ्या डोक्यात धुकं भरतं. मेट्रोची लिफ्ट शोधली, गाडीत बसले, डोळे मिटले. उघडले तर असल्फाच्या टेकडीवरची रंगीत घरं समोर! मी घाटकोपरच्या गाडीत बसले होते, म्हणजे जवळजवळ घरीच परत चालले होते.

"उलट्या बसलात ताई," शेजारची बाई हसून म्हणाली. "उतरा आता, समोरून अंधेरीची पकडा."

मीही हसले, पण रडायला आलं होतं. त्यापुढे अंधेरीला गाडी बदलून बोरिवलीला पोचेस्तोवर उजवीकडे नॅशनल पार्कचे डोंगर आले आणि गेले, मला धड पाहवले नाहीत.

ताईने दार उघडलं. "काय गो, केवढा उशीर! चल, पान वाढते."

काळ्या वाटाण्याची उसळ आणि तांदूळ-उडदाच्या पिठाच्या जाळीदार, मऊ आंबोळ्या होत्या. सगळं तिने उभ्याने केलेलं.

"ताई, विक्रोळीला मी तुला एकदा बोलले होते..."

"उसळ घे अजून."

"बोलू दे गं मला."

"त्यात काय बोलायचं? लहान होतीस तू."

"बावीस वर्षांची होते!"

मग मी तिला माझं दुखणं सांगितलं. तिने डाव खाली ठेवला.

"सकाळी उठताना रात्रभर कोणी बडवलंय असं वाटतं?"

"हो."

"केस विंचरताना हात भरून येतात?"

"हो गं ताई."

"नाव काय म्हणालीस त्याचं?" मी पुन्हा सांगितलं. तिने म्हणून पाहिलं, अर्ध्यावर सोडलं. "मला डॉक्टर म्हणाला, काही नाही, मन रमवा. सासूबाई म्हणाल्या, थेरं. आणि तू..." तिथे ती थांबली. मी माफी मागितली, हात धरून. "कधीच केलं गं माफ," ती म्हणाली आणि मला गादी घालून दिली.

जाग आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. ताई शेजारी खुर्चीत ताठ बसून मेथी निवडत होती. मधूनच एका हाताने मान दाबत होती, ओठ घट्ट मिटलेले.

"ताई, ये ना. दोघी पडू."

"नको गं."

"दमलीयस तू. दिसतंय मला."

"दमलेय तर." ती मेथीकडेच बघत होती. "पण तुझ्यासमोर नाय पडवत. खूपदा ठरवलं मी. अंगच टेकत नाही."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी दोन रात्री राहणार होते, म्हणजे दोन दिवस ती अशीच ताठ बसणार होती.

संध्याकाळी भावोजी कामावरून आले, तेव्हा मी टॅक्सी बोलावली. "घरी पाहुणे येतायत, विसरलेच होते," असं खोटं सांगितलं. ताई रागावली, डबा भरून दिला, लिफ्टपर्यंत आली. टॅक्सीत मागच्या सीटवर मी आडवी झाले. एका दिवसात दोन्ही प्रवास केल्याचे पुढचे आठ दिवस मला भोगावे लागणार होते.

घरी पोचल्यावर फोन केला. भावोजींनी उचलला.

"ती झोपलीय गं. तू खाली गेलीस न् लगेच आडवी झाली. उठवू का?"

"नको, नको," मी म्हणाले. "झोपू दे तिला."

फोन ठेवला आणि खूप रडले. आईच्या घरी माझ्यामुळे हुकलेली तिची विश्रांती मला आता परत देता येणार नव्हती. तिला निदान तिच्या घरी पडू द्यावं म्हणून तिथून लवकर निघणं, एवढंच माझ्या हाती उरलं होतं.