नानांच्या खोलीतलं मशीन

हल्लीची पोरं मला व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते समजावून सांगतात. एकाच मशीनची अनेक मशीनं करायची आणि प्रत्येकाला वाटू द्यायचं की आपलं स्वतंत्र आहे. मी ऐकून घेते. हे काम मी जळगावच्या एका डाळ मिलमध्ये करून बसले होते आणि त्यापायी नोकरीही घालवली होती, हे त्यांना कुठे ठाऊक असणार.

नव्वदीची सुरुवात होती. धुळ्याला डिप्लोमा करून मी जळगावात एका कॉम्प्युटरच्या दुकानात लागले होते. घरात पगार येणार तो माझ्या एकटीचाच. दुकानात बाई इंजिनिअर मीच एकटी, त्यामुळे चुकले की दहा जण सांगायला आणि बरोबर निघालं की सगळे गप्प.

मिलवाल्यांना कॉम्प्युटर हवा होता ट्रकच्या वजनकाट्यावर, गोदामात, ऑफिसात आणि हिशेबाच्या खोलीत. आमच्या दुकानाच्या शेठना चार मशीनं विकायची होती. मी मिलचे मालक आबा यांना सरळ सांगितलं की मोठं मशीन एकच घ्या. त्याला वायरीने चार पडदे आणि चार कीबोर्ड जोडू, ज्याचं त्याचं काम ज्याच्या त्याच्या पासवर्डमागे राहील. चार मशीनं घ्याल तर चार ठिकाणी डाळीची धूळ पुसत बसाल. आबांना पटलं. शेठ माझ्यावर महिनाभर धुमसत होते, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

मशीन ठेवलं हिशेबाच्या खोलीत. तिथे नाना बसायचे, आबांचे धाकटे भाऊ. पहिले काही दिवस बरे गेले. मग रोज दुपारी सगळं बंद पडायला लागलं. काट्यावरची अर्धी पावती पडद्यावरून गायब व्हायची, ट्रकवाले शिव्या द्यायचे. दुकानातले सहकारी मला एकत्र कुटुंबवाली म्हणून चिडवायला लागले. शेठना तर आयतंच कोलीत मिळालं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून बजावलं, मिलवर जाऊन सांगायचं की एका मशीनला एवढा भार झेपत नाही, चार वेगळी घ्या.

मी मिलवर गेले, पण आधी नानांच्या खोलीत जाऊन बसले. नाना खुशीत होते. बाकीच्यांची काय रड आहे देव जाणे, मन्हं मशीन तं कधीच बंद पडत नही, असं त्यांनी मला कौतुकाने सांगितलं. जेवणाची वेळ झाली तसे ते उठले. दिवा बंद केला, पंखा बंद केला आणि मशीनचा खटकाही बंद केला. यूपीएस ओरडायला लागला, तर त्याचंही बटण दाबून त्याला गप्प केलं. खोलीतून उठताना वीज चालू ठेवायची नाही, ही त्या घरातली शिस्त. बाकीच्यांची मशीनं त्यांच्या त्यांच्या टेबलावर आहेत, असं ते धरून चालले होते.

मला हसू आलं आणि मनातून फार अभिमानही वाटला. मी ते मशीन इतकं चोख वाटून दिलं होतं की एकालाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता. माझी चूक एवढीच झाली की मशीन कुठे ठेवायचं याचा विचार केला नाही. पोरांना मी हेच सांगते: ज्याला मशीन आपलं एकट्याचं वाटतं, त्याचा हात खटक्यापर्यंत पोचू देऊ नका.

तेवढ्यात शेठ स्वतःच मिलवर हजर झाले. आबांसमोर खुर्चीत बसून त्यांनी सुरू केलं, मॅडम नवीन आहेत, अंदाज चुकला, चार मशीनंच घ्यावी लागतील. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगा मॅडम, तुम्हीच सांगा."

हो म्हणून मान हलवली असती तर नोकरी पक्की होती. आबांशी मी एरवी ऑफिसातली मराठी बोलायचे, पण त्या वेळी तोंडून घरचीच भाषा आली.

"आबा, मशीन एकज शे. नानास्नी बंद करं का बठ्ठासनं बंद पडस. मशीनमा काहीच खोट नही."

नानांनी बंद केलं की सगळ्यांचंच बंद पडतं, हे ऐकून शेठचा चेहरा उतरला. नाना हात धुऊन नुकतेच दारात आले होते. आता ते चिडतील आणि हे सगळं माझ्यावरच शेकेल, अशी माझी खात्री झाली. पण ते घाबरले होते. एवढ्या लोकांचं काम आपण रोज जेवायला उठताना बंद करत होतो, हे त्यांना सहनच होईना.

"मंग आठे ठेऊच नका," ते म्हणाले. "मन्ही खोलीमाईन काढा ते."

आबांनी वरच्या मजल्यावरची कुलपाची खोली उघडून दिली. चार मशीनांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. मी पदर खोचून वायरी ओढायला लागले, तेव्हा शेठनी मला फाटकापाशी बोलावलं. स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, "गिऱ्हाइकासमोर मला खोटं पाडलंस. उद्यापासून येऊ नकोस."

"दुकानात नाहीच येत," मी म्हटलं. "उद्या इथे यायचंय. वायर भिंतीला ठोकायची राहिलीय."