उरलेला अर्धा चेहरा

गेल्या महिन्यातल्या एका सोमवारची गोष्ट. सकाळी ऑफिस उघडून नुकती बसत होते, तेवढ्यात चाळिशीतले एक गृहस्थ आत आले. त्यांनी फ्लेक्सची एक पिशवी टेबलावर ठेवली आणि हळूच विचारलं, "मॅडम, याचा उरलेला अर्धा भाग कुठे मिळेल?"

पिशवीवर एका माणसाचा अर्धा चेहरा होता. एक डोळा, अर्धी मिशी, आणि वर 'भावपूर्ण' एवढीच अक्षरं...

आधी थोडं मागचं सांगते. जळगावात आमची छोटीशी जाहिरात एजन्सी आहे, आम्ही सहा जण. त्यात मी म्हणजे ऑफिसची स्वयंघोषित पर्यावरण मंत्री. प्रूफ काढायचं तर पाठकोऱ्या कागदावर, चहा स्टीलच्या ग्लासात, शेवटचा माणूस उठला की पंखे बंद... सगळे माझ्यापुढे हात टेकतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

चौकाचौकात लावलेले बॅनर मुदत संपली की आमच्याकडेच परत येतात. वाढदिवस, उद्घाटनं, श्रद्धांजल्या, सगळेच. ते फेकायचे नाहीत, त्यांच्या पिशव्या करायच्या, ही माझीच आयडिया. पिशव्या शिवतात वत्सलाअक्का. माहेर पिंपळनेरचं, आता आमच्याच गल्लीत राहतात.

अक्कांची एक खोड होती. त्या चेहरे कापायच्या नाहीत. चेहऱ्याभोवतीचा भाग घेऊन पिशव्या शिवायच्या आणि चेहरा तसाच अख्खा गुंडाळून ठेवायच्या. एवढ्या मोठ्या बॅनरमधून जेमतेम चार-पाच पिशव्या निघायच्या.

मी एकदा वैतागून म्हटलं, अक्का, अहो किती वाया घालवता. त्या म्हणाल्या, "ताई, माणूस शे तो. त्याना तोंडवर कातर कशी चालाडू?" मी हसण्यावारी नेलं.

मग आमच्या कॉम्प्लेक्समधल्या सगळ्या दुकानदारांना पिशव्या वाटायचं ठरलं. चाळीस हव्या होत्या. मी ऑफिसच्या फरशीवर बॅनर पसरले, स्टीलची लांब पट्टी लावली आणि कटरने सरळ कापत सुटले... अक्कांकडे नुसते तुकडे पोचवले. त्यांनी ते शिवून दिले.

तर हे गृहस्थ पारोळ्याचे. नोकरीसाठी जळगावात राहतात, शनिवारी घरी जातात. आमच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याने त्यांना कागद याच पिशवीत घालून दिले होते. त्यांचं लक्षही गेलं नाही. घरी गेल्यावर आईने पिशवी हातात घेतली आणि खालीच बसली. पिशवीवरचा तो माणूस तिचा मोठा मुलगा होता. मागच्या वर्षी गेला, तेव्हा मित्रांनी इथल्या चौकात बॅनर लावला होता.

"घरात फोटो आहे हो भाऊचा, हार घातलेला," ते म्हणाले. "पण आई एकच धरून बसलीय... उरलेला अर्धा कुणाच्या घरी कांदे वाहत असेल? नीट जेवत नाहीये दोन दिवस."

ते अजिबात रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं मला.

कॉम्प्लेक्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला. मग दुकान दुकान फिरले. कुणी पिशवी गावी पाठवलेली, कुणी बायकोला दिलेली... मंगळवार गेला, बुधवारही गेला. दुसरा अर्धा काही सापडेना.

गुरुवारी खालचे चहावाले नाना दुधाच्या पिशव्या घेऊन जिना चढत होते. हातात आमचीच पिशवी, पण उलटी केलेली, पांढरी बाजू बाहेर. व्हॉट्सअॅप नाही त्यांच्याकडे, आणि मी विचारत फिरले तेव्हा ते दूध आणायला गेलेले. मी विचारलं, नाना, उलटी का केली? तर म्हणाले, "तो माणूस बघत राहायचा माझ्याकडे. बरं वाटेना... म्हणून आत घेतला त्याला."

पिशवी उलटवली, तर आत उरलेला डोळा आणि उरलेली मिशी. म्हणजे अक्कांना कळलं होतं, नानांनाही कळलं होतं. मलाच तेवढं कळलं नव्हतं.

अक्कांनी दोन्ही पिशव्या उसवल्या. तुकडे धुतले, पुसले, आणि नाकाच्या रेषेवर इतकी बारीक शिलाई घातली की लांबून दिसूच नये.

शनिवारी त्या गृहस्थांबरोबर मी पारोळ्याला गेले. आईंनी फ्लेक्स मांडीवर पसरला. शिलाईवरून बोट फिरवत कपाळापासून हनुवटीपर्यंत आल्या. म्हणाल्या, "आते दोन्ही डोया शेतस." दोन्ही डोळे पुन्हा जागेवर होते.

मग त्यांनी लेकाला विचारलं, हे कापलं कुणी? त्याने मला सांभाळून घेतलं. म्हणाला, मशीनवर कापलं जातं आई, त्यांना काय कळणार...

मला गप्प राहता आलं असतं. पण त्या माउलीसमोर खोटं ऐकून घेववेना. म्हटलं, "मी कापलं, आई. माझ्या हाताने."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग त्यांनी माझा हात ओढून मला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "जोडीसन लई उनी ना तू... बस. जेवाले बस." जोडून आणलंस ना, एवढं त्यांना पुरे होतं.

त्या दिवशी त्या माझ्याबरोबर दीड भाकरी जेवल्या. त्यांचा लेक दारात उभा राहून नुसता बघत होता.

आता आमच्याकडे चेहरे अख्खे काढून चेहरा परत हवा का, असं आधी त्यांच्या घरी विचारलं जातं, आणि ते काम अक्काच करतात. पिशव्या कमी निघतात. निघू देत... आईंनी मला ताटावर बसवलं, ते मी आयुष्यभर विसरणार नाही.