धामणीच्या सातव्या पिल्लाचा अर्ज

विषय : धामणीच्या नवजात पिल्लांच्या संगोपनाबाबत.
संदर्भ : या कार्यालयातील शिपाई श्री. साळवे यांचा अर्ज.

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की... असो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी हाताची सवय जात नाही. ऑफिसचे किस्से फायलींसारखेच साठतात. ते कोणी मागत नाही, जाळायचा अधिकार कोणाला नाही, आणि एक ओढला की वरचे सहा अंगावर येतात. तसंच आज झालंय.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. कोल्हारजवळ कालव्याच्या कडेला आमचं ऑफिस होतं. खातं कोणतं ते सांगत नाही. पेन्शन चालू आहे.

एके दिवशी मी जुनी फाईल काढायला रेकॉर्ड रूमकडे निघालो, तर दारात साळवेमामा आडवे. आमचे शिपाई. अर्धं आयुष्य कालव्याची झाडंझुडपं तोडण्यात गेलेला माणूस.

"भाऊसाहेब, आवाज नगं. आत बाळंतीण हुती. आत्ताच गेलीया."

निकाली प्रकरणांच्या गठ्ठ्याखाली, कुजलेल्या गोणपाटात सात अंडी होती. पांढरी, लांबट, हाताला चामड्यासारखी चिवट. धामणीची.

"वरली बाजू वरच ऱ्हायला पायजे," मामा म्हणाले. "उलटलं का पोर आत गुदमारतं."

मग मी निळ्या पेन्सिलीनं प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला एक ते सात आकडे घातले. फुटक्या माठाच्या तळात ओली वाळू, तिच्यावर अंडी, वर ओलं फडकं. साहेबांना दाखवलं तेव्हा त्यांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला. पण अंड्यावर सहीला जागा नव्हती!

* * *

साहेब पुण्याचे. पहिल्या दिवशी ते खुर्चीवर चढून माठात बघत होते.

"साहेब, विषारी न्हाई ही जात," मामा म्हणाले.

"मी घाबरलो नाही, साळवे. उंचावरून जरा नीट दिसतं."

पुढे दोन महिने साहेबांनी रेकॉर्ड रूमची सगळी पाहणी उंचावरूनच केली.

* * *

अंडी फुटायला लागली ती दुपारी. वीज गेलेली, पंखे थांबलेले, टायपिस्ट देशमुखबाईंचं मशीनही गप्प. माठाभोवती सगळं ऑफिस. एका अंड्याला ब्लेडनं मारावी तशी चीर पडली आणि चिरेतून करंगळीएवढं डोकं बाहेर आलं. बाहेर आलं आणि तिथंच थांबलं. पिल्लू अर्धं आत, अर्धं बाहेर, नुसतं बघत राहिलं. जगात यावं की नाही याचा त्याचा निर्णय अजून झाला नव्हता. जरा वेळानं दुसरं डोकं. मग तिसरं. खिडकीतून कालव्याच्या पाण्याचा उजेड छतावर हलत होता, आणि पिल्लं त्याच्याकडे बघत होती की आमच्याकडे, काही कळत नव्हतं.

तेवढ्यात बेलापूरकडचा एक शेतकरी तणतणत आत आला. "आमच्यापत्तूर पानी आलं न्हाई! आज निकाल लावूनच जानार!" आम्ही सगळ्यांनी एकदम बोट ओठांवर ठेवलं. तो माठाशी आला, वाकला, आणि तासभर उभा राहिला.

जाताना मी विचारलं, "तक्रार लिहून घेऊ?"

"इसरलो बगा," तो म्हणाला. "भांडायलाच आल्तो ना मी?"

* * *

आता माझा पराक्रम. सहा पिल्लं दुसऱ्या दिवशी बाहेर आली. सातवं अंडं तसंच. मी कारकून माणूस. सहा प्रकरणं निकाली आणि एक प्रलंबित, हे मला बघवेना. मामा चहा आणायला गेलेले. मी टेबलावरची कात्री घेतली आणि सातव्या अंड्याला हलकेच चीर दिली.

आतलं वेटोळं शहारलं. कात्रीच्या टोकाला लाल ठिपका. पिल्लाच्या शेपटीचं टोक, तांदळाएवढं, वाळूत पडलं.

मामा आले. त्यांनी चहा खाली ठेवला. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "येनारा त्याच्या टायमानं येतो. तुमी काय रिमाइंडर देताय त्याला?"

* * *

आठवड्याभरात पिल्लांचे डोळे दुधाळ निळे झाले, थंडीतल्या काचेसारखे. देशमुखबाई हळहळल्या. "अगंबाई, इतक्या लहानपणी मोतीबिंदू?"

"कात टाकत्याती, बाई," मामा म्हणाले. "आपल्याला ती सोय न्हाई."

कात टाकल्यावर सहा पिल्लांनी बेडकाची चिमुकली पिल्लं मटकावली, आणि मामांनी त्यांना कालव्याच्या गवतात सोडलं. सातव्यानं कात टाकली, पण खाईना. बेडूक समोर उडी मारून जाई, आणि हे शून्यात बघे. त्याला सोडावं तर मरणार, ठेवावं तर...

"ठेवायला परवानगी लागते," साहेब खुर्चीवरून म्हणाले. "अर्ज करा."

* * *

मधेच नागपंचमी आली. गावातल्या आयाबाया दूध आणि लाह्या घेऊन ऑफिसात हजर! मामा हात जोडून सांगत होते, "साप दूध पीत न्हाई, मावशी. त्याला बाधतं." कोणी ऐकेना. आणलेलं परत कसं न्यायचं?

त्या दिवशी ऑफिसात चार वेळा चहा झाला, आणि चारही वेळा बिनपाण्याचा.

* * *

अर्जाचा मसुदा माझा. तो संबंधित ठिकाणी गेला आणि यथावकाश विचारणा आली : "पिल्लू ठेवण्याचे प्रयोजन काय?"

मी मामांना विचारलं.

"जगवायचं. आनखी काय?"

मी लिहिलं, "प्रयोजन : जगविणे." त्यावर उत्तर आलं, की प्रयोजन सविस्तर कळवावे, आणि तोपर्यंत परिस्थिती 'जैसे थे' ठेवावी.

हे पिल्लाला कोणी कळवलं नव्हतं. एका सकाळी माठ रिकामा.

मामांनी रेकॉर्ड रूममधला एकेक गठ्ठा उचलून बघितला. रोज पाच वाजले की तासभर आत. महिनाभर. त्या पिल्लानं एकदाही तोंडात घास घेतलेला आम्ही बघितला नव्हता. मी मदतीला गेलो की मामा म्हणत, "तुमी दारातच थांबा, भाऊसाहेब." कात्री त्यांच्या लक्षात होती. माझ्याही.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. हार, नारळ, साहेबांचं भाषण. सगळं आटोपल्यावर मी हळूच विचारलं, "मामा, तो अर्ज मागे घेऊ का?"

"नगं," मामा म्हणाले. "अर्ज चालू हाय तवर ते बी हाय."

* * *

शेवटचा किस्सा. दशक सरत आलं होतं, माझी निवृत्तीही जवळ. साहेब बदलून तिसरे आले होते. एक पत्र आलं : "संदर्भीय पिल्लाची सद्यःस्थिती तात्काळ कळवावी."

मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो. प्रलंबित प्रकरणांचा गठ्ठा सोडला. मामांच्या अर्जाची फाईल मधोमध होती. तिच्यावर, आकडा काढावा तशी वळणं घेत, एक अखंड कात पडलेली. ताजी, मऊ, उजेडात धरली तर आरपार दिसणारी. फूटपट्टी लावली. साडेपाच फूट.

शेपटीचं टोक बोथट होतं.

मी फाईल होती तिथंच ठेवली आणि गठ्ठ्याची फीत सैल बांधली. कातीचं शेपटीकडचं वीतभर टोक पाकिटात घालून साळवेमामांच्या पत्त्यावर पाठवलं. रीतसर जावक नंबर टाकून.

उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी मामा स्वतः आले. काठी टेकत रेकॉर्ड रूमपर्यंत गेले, दाराशी बशीभर पाणी ठेवलं, आत न डोकावता थोडा वेळ उभे राहिले, आणि चहा न घेता निघून गेले.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.