चढाचा अभंग आणि माझी नियमावली

मामाच्या गावच्या जत्रेत भजनाची स्पर्धा मी सुरू केली. हे अभिमानाने सांगत नाही, पण लपवण्यातही अर्थ नाही. देवळाशेजारच्या फलकावर 'संकल्पना' या शब्दापुढे माझं नाव आहे आणि नावापुढे एम. ए. असंही रंगवलेलं आहे.

माझं मूळ गाव विट्याच्या बाजूचं. आमच्याकडचे पुष्कळ लोक गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पांगलेले. वडीलही तसेच एका दुकानात कामाला पार तमिळनाडूत गेले, मागोमाग आई गेली, आणि माझी शाळा बुडू नये म्हणून मला पाचवीपासून सातारच्या डोंगरात मामाकडे ठेवलं. मामाचं घर वरच्या वाडीत, शाळा खालच्या वाडीत. सकाळी उतरून जायचं, संध्याकाळी चढून यायचं. मामा चौथी शिकलेला. मी बी. ए. झालो तेव्हा त्याने दोन्ही वाड्यांत पेढे वाटले. बी. ए. म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर "लय शिकलाय," एवढंच सांगायचा. पुढे मी साताऱ्यात ज्युनियर कॉलेजला मराठी शिकवू लागलो आणि मामाच्या गावाचे उपकार कसे फेडावेत याचा विचार करू लागलो. माझ्यासारख्या नव्यानेच शिकलेल्या माणसाने उपकार फेडायचं मनावर घेतलं की गावाने जरा सावध राहावं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही.

गावात चैत्रात भैरोबाची जत्रा असते. देऊळ खालच्या वाडीत आहे, पण देवाचं मूळ ठाणं वर, कड्याच्या पोटात. जत्रेच्या दिवशी ऊन उतरलं की देवळात आरती होते आणि पालखी ठाण्याकडे निघते. आरती वरच्या वाडीच्या भजनी मंडळाने म्हणायची आणि तिथूनच पालखीपुढे गात डोंगर चढायचा, असा मान. हा मान कुणी दिला, कधी दिला, याचा कागद नाही. मामा त्या मंडळाचा पुढचा गाणारा. त्याच्या आधी त्याचे वडील होते. वर्षभर मामाला गावात कुणी फारसं विचारत नसे. चार म्हशी, थोडं भात, थोडी नाचणी, एवढा त्याचा कारभार. पण त्या एका संध्याकाळी भैरोबा त्याच्या आवाजावर उठायचा.

खालच्या वाडीला हे खटकायचं. त्यांची घरं तिप्पट, पोरं तरणी, देवळाचा स्पीकर त्यांनी आणलेला, आणि भजनही त्यांचं चांगलं, हे मान्य करायला हवं. दरवर्षी जत्रेच्या बैठकीत त्यावरून आवाज चढायचे. तीन-चार वर्षांपूर्वीच्या बैठकीत मीही होतो. दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि उभा राहिलो. म्हणालो, वारशाने मान ही जुनी रीत झाली. गावाच्या चारही वाड्यांची स्पर्धा घ्या. गुण द्या. जो पहिला येईल त्याने त्याच संध्याकाळी पालखीपुढे गावं. म्हणजे कुणावर अन्याय नाही.

मग खालच्या वाडीतला एक जण म्हणाला, "पॉइंटाचं काम हाय. पॉइंटाला कोण न्हाई म्हणंल?" सगळ्यांना ते पटलं. मी मामाकडे पाहिलं. तो टोपी मांडीवर ठेवून बसला होता. म्हणाला, "शिकलेला हायस. तू म्हणशील तसं."

मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

नियमावली मीच लिहिली. कॉलेजच्या युवक महोत्सवाची एक प्रत माझ्याकडे होती, तिच्यावरून. प्रत्येक मंडळाला पंधरा मिनिटं. मंडळ मंचावर बसल्यापासून वेळ सुरू. बाराव्या मिनिटाला सूचनेची घंटा. सूर, ताल, शब्दोच्चार, वेशभूषा आणि शिस्त, प्रत्येकी दहा गुण. एकूण अकरा नियम झाले. टाइप करून चारही वाड्यांना दिले, व्हॉट्सॲपवरही टाकले. खालच्या वाडीने ताबडतोब एकसारखे झब्बे शिवायला टाकले. वरच्या वाडीतून काहीच विचारणा आली नाही, तेव्हा त्यांना नियम नीट कळले असावेत असं मी धरून चाललो.

परीक्षक तीन ठरले होते. एक मी, मला सुरातलं फारसं कळत नाही, पण एम. ए. झालेल्या माणसाला काही कळत नाही हे गाव ऐकून घेत नाही. दुसरे एक निवृत्त हवालदार. ते फौजेच्या बँडमध्ये पाइप वाजवायचे, म्हणून संगीतातले जाणकार. तिसरे साताऱ्याचे एक संगीतशिक्षक, आणि खरे परीक्षक तेवढेच. ते आदल्या दिवशी पाचगणीला पाहुण्यांकडे उतरले होते. जत्रेदिवशी दुपारी त्यांचा फोन आला. पुढच्या गाड्या दर दहा पावलांवर स्ट्रॉबेरी घ्यायला थांबतात, तासाभरात गावाबाहेर पडलो तर नवस फेडीन, असं ते म्हणाले. ते शेवटपर्यंत पोहोचले नाहीत. राहिलो आम्ही दोघं.

घंटेचीही गडबड झाली. शाळेची घंटा आणायची ठरली होती, पण सुट्टीमुळे शाळेला कुलूप. गुरवाने देवळातली पितळी घंटा काढून दिली. मी ती टेबलावर ठेवली, शेजारी मोबाइल, त्यात स्टॉपवॉच.

देवळापुढच्या मांडवात पहिलं मंडळ चांगलं गायलं. बाराव्या मिनिटाला मी घंटा वाजवली, तर मांडवातल्या आठ-दहा म्हाताऱ्या हात जोडून उभ्या राहिल्या. "बसा, बसा, टायमाची हाय," असं हवालदारांनी सांगितल्यावर बसल्या. लोक हसले. मीही हसलो. दुसऱ्या मंडळाच्या वेळी तिघीच उठल्या. लोक नियमांना सरावताहेत याचं मला समाधान वाटलं.

तिसरी खालची वाडी. केशरी झब्बे, एका रांगेत मांड्या, टाळ एकाच उंचीवर. हवालदार पुटपुटले, "टर्नआउट एक नंबर," आणि एकही ओळ ऐकायच्या आधी त्यांनी शिस्तीचे दहाच्या दहा गुण दिले. पण ही मंडळी खरोखर रंगली. पुढचा गाणारा पंचविशीतला, टेम्पो चालवणारा. त्याचा आवाज वरच्या पट्टीत गेला की मांडवाबाहेर भेळ खाणारे लोकही हात थांबवून आत बघत. गवळण सुरू झाली आणि माझा पाय आपोआप ताल धरू लागला. परीक्षकाने असं करू नये म्हणून मी तो दुसऱ्या पायाखाली दाबून धरला. घंटा झाली तेव्हा ते शेवटच्या कडव्यात होते आणि बरोबर चौदा मिनिटं पन्नास सेकंदांनी थांबले. नियमावली सार्थकी लागली असं मला वाटलं.

मग वरची वाडी. नऊ माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. कुणाचं धोतर, कुणाची पँट. ती मंचावर बसली, मी स्टॉपवॉच सुरू केलं, आणि मृदंगवाल्याने पिशवीतून कणकेचा गोळा काढला. मृदंगाच्या एका तोंडावर ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय त्याला घुमारा येत नाही. इतर मंडळांनी ते आधीच उरकलं होतं. या म्हाताऱ्याने देवापुढे बसूनच सावकाश कणीक थापली, वाजवून पाहिली, थोडी काढली, पुन्हा थापली. मामा डोळे मिटून बसला होता. माझ्या मोबाइलवर पाच मिनिटं गेली. मी घसा खाकरला. कुणीही बघितलं नाही.

शेवटी मामाने सूर लावला. आवाज थोडा फुटका होता, पण त्याला घाई नव्हती. एकेक शब्द तो असा ठेवत होता, जसं मामी ओटीतून तांदूळ काढून ठेवते. मला त्या आवाजाने आठवीतल्या कितीतरी संध्याकाळी आठवल्या. आणि म्हणूनच, भाचा आहे म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये यासाठी, मी सुरात त्याला दहापैकी सहा दिले. बाकी सगळ्यांना सातच्या खाली एकही नव्हता. वेशभूषेत तीन. हवालदारांनी माझा कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि आपला कागद हाताने झाकला.

खरं तर त्या घटकेला मला कळलं होतं की मामाचा मान गेला. उरलेल्या वेळात पहिला अभंगही संपणार नव्हता. आणि मानावाचून मामा म्हणजे चार म्हशी. पण नियम माझेच होते. बारा मिनिटं झाली आणि मी घंटा वाजवली.

ऊन उतरलं होतं. कड्याची सावली देवळाच्या पायरीपर्यंत आली होती. जत्रेला ज्या वेळी देवळात घंटा वाजते, ती हीच वेळ. मामाने अभंग होता तिथेच थांबवला, टाळ खाली ठेवला, उठून देवाकडे तोंड केलं आणि आरती सुरू केली. नऊच्या नऊ माणसं उभी. म्हाताऱ्या उभ्या. या वेळी त्यांना "बसा" म्हणायला हवालदारही मोकळे नव्हते. घंटा ऐकताच ते सावधान उभे राहून टाळ्या वाजवत होते. केशरी झब्ब्यातली मंडळीही हात जोडून गायला लागली, कारण आरती चालू असताना कुणी गप्प बसत नाही. मी घंटा हातात घेऊन उभा होतो, आणि आरतीत ती हातात असलेल्या माणसाने जे करायचं असतं ते करत होतो. वाजवत होतो.

आरती संपली. एकदा आरती झाली की पालखी थांबत नाही. गुरवाने आत जाऊन टाक पालखीत ठेवले, भोयांनी खांदे दिले, चांगभलं झालं, हलगी कडाडली, आणि मामा पालखीपुढे चालू लागला. गुणांची बेरीज टेबलावर राहिली.

खालची वाडीही मागोमाग निघाली. चढ सुरू झाला. त्या वाटेवर गायचा एक ठराविक अभंग आहे, त्याला चढाचा अभंग म्हणतात. लहानपणी मी तो मामाच्या तोंडून शेकडो वेळा ऐकला होता, पण त्याची गंमत मला त्या दिवशी कळली, कारण गाणाऱ्यांचा ताल चुकतो का हे मी पहिल्यांदाच बघत चाललो होतो. कुठला शब्द लांबवायचा, कुठे तोडायचा, हे सगळं वाटेवर बेतलेलं. मोठ्या दगडाशी श्वास, वळणावर लांब सूर, सपाटीला दोन ओळी सलग. दुसऱ्या वळणानंतर मामाचा आवाज बसला. नुसते ओठ हलायला लागले. तेव्हा मागून खालच्या वाडीच्या टेम्पोवाल्याने अभंग उचलला. मंचावर मांडव हलवणारा तो आवाज चार पावलांत धापा टाकू लागला. तो मंचावर गातात तसं गात होता, आणि इथे तर चढ होता. मामाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. दगड आला की हात दाबायचा, तेव्हा तो पोरगा श्वास घ्यायचा. वळण आलं की हात सैल सोडायचा. असे ते दोघं ठाण्यापर्यंत गेले. मी मागे चालत होतो. त्या हाताला माझ्या कागदावर रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्त्यांच्या आधी मी निकाल वाचला. खालची वाडी पहिली, वरची तिसरी. पहिल्या नंबराची ढाल त्यांना मिळाली, पालखी यांनी नेली होती, त्यामुळे दोन्हीकडे आनंद. सरपंचांनी भाषणात सांगितलं की शिकलेल्या माणसाने ढालीचा मान आणि पालखीचा मान किती हुशारीने वेगळा ठेवला, बघा. टाळ्या झाल्या. मी नमस्कार केला. खुलासा करायची ती जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

दुपारी मामा गोठ्यात होता. मी जाऊन कबूल केलं की सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं तर मान गेला असता, आणि त्यातले काही गुण मीच हात राखून दिले होते.

"सुरात किती दिलंस?" त्याने विचारलं.

"सहा."

तो वैरण पुढे सारत राहिला. मग म्हणाला, "सहा बरूबर हाय. आवाज पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई." म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पर त्ये मला ठावं हाय. तुला रं कुठं ठावं हुतं?"

मी वैरणीची दुसरी पेंढी सोडून त्याच्या हाताशी सरकवली. आवं मामा, घंटा वाजल्यावर तुम्ही मुद्दाम उठलात का, हे मला विचारायचं होतं. पण घंटा मीच वाजवली होती, तेव्हा ते राहूनच गेलं.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा कळलं की तो टेम्पोवाला आठवड्यातून दोनदा, भाडं नसेल त्या दिवशी, सकाळी मामाकडे येतो. दोघं पालखीच्या वाटेने वर जातात. येत्या जत्रेला पुढे तोच गाणार, हे मामाने परस्पर ठरवून टाकलं होतं. बैठक नाही, गुण नाहीत. वरच्या वाडीतल्या काहींनी कुरकुर केली, तेव्हा मामा म्हणाला म्हणे, की तुमच्यापैकी ज्याला चढावर दम पुरतो त्याने यावं. कुणी गेलं नाही.

त्या दिवशी तो पोरगा आला तशी मीही चपला घातल्या. म्हणालो, मीही येतो, शिकायला. मामाने मला वरून खाली न्याहाळलं.

"तू हितंच बस लेका," तो म्हणाला. "येळ बघत."

पोरगा तोंड फिरवून हसला. मी पायरीवर बसलो. वरून आवाज येत राहिला, मध्येच तुटायचा, पुन्हा पहिल्या दगडापासून सुरू व्हायचा. मोबाइल खिशातच राहू दिला. ते खाली आले तेव्हा मामीचा दुसरा चहा उकळत होता.