चौकच्या गाडीवरचा मोनोग्राम

बेव्हर्ली पार्कला माझं रेडियमचं दुकान आहे. नंबर प्लेटी, रिक्षांवरची देवांची नावं, स्कुटीवरची फुलपाखरं, काय वाट्टेल ते कापून चिकटवतो. पण जीव अडकलाय जुन्या अमेरिकन गाड्यांत, त्या लांब बॉनेटच्या, दांडग्या इंजिनाच्या. त्यांच्यावरचा पट्टा कंपनीतला की मागाहून मारलेला, मडगार्डवरची धातूची अक्षरं, म्हणजे आमच्या भाषेत मोनोग्राम, खरी की डुप्लिकेट, हे मी सांगतो. चार शौकीन लोकांनी विचारलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

उत्तनजवळच्या चौक गावाहून एका मच्छीमाराचा फोन आला. त्याचे वडील तरुणपणी एका साहेबाचे ड्रायव्हर होते. साहेब देश सोडताना गाडी त्यांनाच देऊन गेला. आली तशी आहे, एक अक्षर बदललेलं नाही, असं म्हातारा जन्मभर सांगत आला. गाव हसायचं. म्हणे गाडी साधीच, मोठ्या इंजिनाच्या गाडीची अक्षरं ह्यानेच गॅरेजात ठोकून घेतली. वडील आहेत तोवर कुणा जाणत्याने त्यांना खरं म्हणावं, एवढीच त्या मुलाची इच्छा होती.

गेलो. मोनोग्रामवर बोट फिरवलं. खऱ्या अक्षराची कड बोटाला लागते, ही मेली गोल, गुळगुळीत. वर भडक लाल रंग. खरं म्हणजे मोनोग्रामची पाठ बघायची असते. तिथे कंपनीचा ओतीव नंबर असतो. पण त्यासाठी चाकामागून मडगार्डच्या आत हात घालून गंजके नट खोलावे लागले असते आणि मला कसला धीर! शिवाय जाळी शिवणारे आठ जण भोवती जमले होते. एवढं पब्लिक मला कुठे मिळतं?

“डुप्लिकेट आहे, काका,” मी मोठ्याने म्हणालो.

आठही जण हसले. म्हातारा खुर्ची उचलून आत गेला.

परतताना रिक्षातून किनाऱ्यावर ओढलेली त्यांची बोट दिसली. तिच्या टोकावर तोच भडक लाल. अक्षरांची कड रंगाखालीच बुजली नसेल ना? दोन दिवस कशातच मन लागेना. एका नंबर प्लेटीवर तिनाचा आठ कापला, गिऱ्हाइकावर उगाच खेकसलो. बायको म्हणाली, एवढं टोचतंय तर जाऊन या ना, आमचं डोकं का खाताय?

मुलाला फोन लावला. तो सहज म्हणाला, दर वर्षी बोट रंगवून झाली की उरलेल्या रंगाचा एक हात पप्पा गाडीच्या अक्षरांवर फिरवतात. खाऱ्या हवेने खराब होऊ नयेत म्हणून. लहानपणापासून बघत आलेल्या गोष्टीत सांगण्यासारखं काही आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि मी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी थिनर आणि फडकं घेऊन पोचलो. लाल निघाला, खाली निळा, परत लाल. किती वर्षांचे थर होते कोण जाणे. शेवटी कड बोटाला लागली. मग नट खोलले. पाठीवर नंबर होता. मडगार्डची भोकं कंपनीचीच होती. आनंद झाला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम.

आत जाऊन म्हाताऱ्याच्या पायाशी बसलो. काका, माझं चुकलं, अस्सल आहे, असं म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. “त्या दिशी आठ जणांसमोर बोललास. आता घरात येऊन कानात सांगतोस?”

बाहेर गेलो तर दोघेच होते. त्यांना सांगितलं. बाकीचे सहा दर्यावर गेले होते. मागे दारात म्हातारा उभा होता. ते आले की ये, म्हणाला.

बोट किनाऱ्याला लागल्याचं मुलाने कळवलं त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. मासळी उतरवणाऱ्या एकेकाला गाठून सांगितलं, गाडी अस्सल आहे, मीच चुकलो. सगळे हो हो म्हणून टोपल्या उचलत राहिले. एकाने विचारलं, “कुठली गाडी?” त्याला काही आठवतच नव्हतं.

म्हातारा मात्र खुर्ची किनाऱ्यावर आणून बसला होता. पुन्हा सांग, म्हणाला, ह्याला ऐकू न्हाय आलं.

मी पुन्हा सांगितलं.